राष्ट्रहिताची भाची

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची ताई ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत मी तिच्या चकलीच्या सोऱ्याची कथा सांगितली आणि पुढे तीन महिने ती माझ्याशी फक्त कामापुरते बोलत होती. म्हणून यंदा आधी परवानगी काढली. ताई म्हणाली, "लिही, पण नावं घालू नकोस, आणि मी रडले ते लिहू नकोस." यांपैकी पहिली अट मी पाळणार आहे.

गोष्ट ताईच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची. घरात तिला मनी म्हणतात. पुण्यास सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून २०१५ साली ती अमेरिकेस गेली, तिथे पीएच.डी. झाली, आणि आता एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंवर काम करते. आमच्या वाड्यात कुणी विचारले तर ताई "संशोधन करते" एवढेच सांगते. क्षयाचे नाव ती काढत नाही. त्याला कारण आहे. ते पुढे येईल.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री साडेदहाला मनीचा फोन आला. "मामा, तू कॉलेजात मुलांना प्रशस्तिपत्रं देतोस ना? कशी लिहितोस?"

मी म्हटले, "अगदी सोपं आहे. विद्यार्थी होतकरू, वर्तणूक चांगली, पुढील आयुष्यात यश चिंतितो. नाव तेवढं बदलतो."

"मग तुझा काही उपयोग नाही," ती म्हणाली, आणि मग तासभर तिने मला जे समजावले ते मी शिकवण्याच्या धंद्यातला असूनही तीनदा ऐकावे लागले.

अमेरिकेत कसबी कामगार म्हणून कायमचे राहायचे तर साधारण रीत अशी की, नोकरी देणाऱ्याने आधी सरकारला पटवून द्यायचे: या कामाला आमच्या देशातला माणूस मिळत नाही, तेव्हा हा परदेशचा घेऊ द्या. पण नव्या संशोधकांच्या जागा दोन-तीन वर्षांच्या, हंगामी. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप सहसा कोणी करीत नाही. तेव्हा १९९० च्या कायद्यातली एक खिडकी उपयोगी पडते. अर्जदाराने स्वतःच अर्ज करून म्हणायचे की, माझे काम तुमच्या राष्ट्राच्या हिताचे आहे, सबब नोकरीच्या दाखल्याची अट मला माफ करावी. हे कसे तपासायचे याच्या तीन कसोट्या २०१६ साली एका निकालात ठरल्या. तो अर्जदार विमानविद्येतला संशोधक, आडनाव धनासर. ते आता त्या निकालाचेच नाव होऊन बसले आहे. काम मोलाचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे हवे; ते पुढे नेण्यास हाच मनुष्य समर्थ हवा; आणि अट माफ करणे एकंदरीत देशाच्या फायद्याचे ठरायला हवे.

ताईला मी हे सोपे करून सांगितले. "घराणं चांगलं, मुलगी कर्तबगार, तेव्हा हुंड्याची अट सोडण्यात तुमचाच फायदा आहे, असं वरपक्षाला लेखी पटवायचं."

"मग कळलं," ताई म्हणाली. "पण वरपक्ष ऐकतो का?"

ऐकावे म्हणून पत्रे लागतात. इथे माझी मोठी फजिती झाली. आपल्याकडे पत्र आणायचे ते ओळखीच्या माणसाचे. ओळख जितकी जवळची तितके पत्र वजनदार. त्यालाच वशिला म्हणतात आणि त्यावर आमच्या तीन पिढ्या नोकरीला लागल्या. तिथे मात्र ज्याने तुला शिकवले, ज्याच्या हाताखाली तू राबलीस, त्याचे पत्र एखाददुसरे पुरे. अधिक मोल कुणाच्या पत्राला? ज्याने तुझे तोंडही पाहिलेले नाही, फक्त तुझे निबंध वाचून स्वतःच्या कामात वापरले आहेत, त्याच्या! मनीने अशा पाच अनोळखी शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली. तिघांनी होकार दिला, त्यातला एक म्हणाला, "मसुदा तुम्हीच पाठवा, मी दुरुस्त करतो."

म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच करायची. आणि तिथेच गाडे अडले.

एके रविवारी तिने तो मसुदा आणि आपले स्वतःचे निवेदन मला वाचून दाखवले. माझे इंग्रजी बेताचे आहे, पण तीस-तीस पेपरांचे गठ्ठे तपासून एक गोष्ट मला जमते. वाक्यात कोण लपून बसले आहे ते चटकन दिसते. मी म्हटले, "मने, हे सगळं कुणी केलं?"

"म्हणजे? मी केलं."

"मग यात सगळीकडे 'आम्ही' का? आम्ही शोधलं, आम्हाला आढळलं, आमचं असं मत झालं."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "वकीलीणबाईही तेच म्हणतात. पण मामा, 'मी शोधून काढलं' असं लिहिताना हात अडखळतो रे. वाटतं, आई मागं उभी आहे."

ताई खरोखरच माझ्या मागे उभी होती. तिने मनीला लहानपणी काय काय शिकवले ते मला ठाऊक आहे. पहिला नंबर आला तर "पेपर सोपे होते" म्हणायचे. कुणी फ्रॉकचे कौतुक केले तर "जुनाच आहे" म्हणायचे. आमच्या घरात "मी" हा शब्द चूक कबूल करण्यापुरताच वापरीत. पेला कुणी फोडला? मी. बाकी सगळे आम्ही. अशा घरातली मुलगी परक्या सरकारला लिहून देणार की, माझ्यावाचून तुमचे अडेल!

मला उपाय सुचला तो शिक्षकी होता. म्हटले, "आधी मराठीत सांग. मला नको, मला कळल्याचा आव आणायची सवय आहे. आत्याला सांग."

आता आत्याविषयी सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म १९४० चा. १९५८ साली, अठराव्या वर्षी, तिच्या थुंकीतून रक्त पडले. लग्न ठरत आले होते ते अर्थातच मोडले. मिरजेजवळच्या एका सॅनिटोरियममध्ये ती चौदा महिने होती. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, आयसोनायझिडच्या गोळ्या आणि पी.ए.एस. नावाचे ते मळमळ आणणारे औषध. ती बरी झाली, घरी आली आणि पुढली पासष्ट वर्षे आमच्या घरात राहिली. तिने शिवणकाम केले, ताईला आणि मला वाढवले, मनीला न्हाऊमाखू घातले. पण तिचे एक फुलपात्र होते, पितळेचे, त्यावर नाव कोरलेले. ते सॅनिटोरियममधून आल्या दिवशी आमच्या आजीने तिच्यासाठी वेगळे काढले होते. आजी गेली, रोग तर केव्हाच गेला होता, तरी आत्या त्याच फुलपात्रातून पाणी पीत राहिली आणि दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसे. मनी चार वर्षांची असताना त्यातून पाणी प्यायली, तेव्हा आत्याने तिला जन्मातली एकुलती एक चापट मारली आणि मग स्वतःच माजघरात जाऊन बसली.

मद्रासला १९५६ मध्ये काही प्रयोग सुरू झाले होते. औषध नीट घेणारा क्षयरोगी घरी राहिला तरी सॅनिटोरियममध्ये होतो तितकाच बरा होतो, आणि घरच्यांनाही त्यामुळे जास्त धोका पोचत नाही, असे त्यांतून दिसले. पहिले निष्कर्ष १९५९ साली छापून आले. तेव्हा आत्या मिरजेला होती. ही बातमी आमच्या घरात पोचली ती मनी एम.एस्सी.ला गेल्यावर.

तर मनीने फोनच्या पडद्यावरून आत्याला आपले संशोधन सांगितले. "आत्याआजी, बाकीचे जंतू वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाचा जंतू आळशी, त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आणि त्यातले काही तर झोपूनच जातात. औषध जागे असतात त्यांना मारतं. झोपलेले तसेच राहतात. म्हणून आजही सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात."

आत्या म्हणाली, "झोपलेल्याला जागं करता येतं गं. सोंग घेतलेल्याला कसं करणार?"

मनी म्हणाली, "आत्याआजी, मी तेच शोधतेय. ते सोंग कसं घेतात, ते मी शोधलंय."

"मी," मी मागून म्हटले. "लिहून घे आत्ताच्या आत्ता."

निवेदन तिने त्या रात्रीच पुन्हा लिहिले. २०२४ च्या फेब्रुवारीत अर्ज गेला. चारशे बारा पाने! निबंध, ते कुणी कुणी उद्धृत केले त्याच्या याद्या, दुसऱ्यांचे निबंध तिने तपासले त्याचे दाखले, पत्रे. जादा फी भरली तर कामाच्या पंचेचाळीस दिवसांत उत्तर मिळते. ती तिने भरली; आकडा रुपयांत सांगितल्यावर ताईने दोन दिवस भाजीवाल्याशी जास्तच घासाघीस केली.

एवढी घाई कशाला, असे वाचक विचारतील. मनी ज्या परवान्यावर काम करते त्याची मुदत एकंदर सहा वर्षांची. तो तिला २०२२ मध्ये मिळाला. त्या सहा वर्षांत हा अर्ज मंजूर झाला, तर पुढे रांगेत असेतो तीन-तीन वर्षांची वाढ मिळते. नाही तर प्रयोग अर्धवट टाकून सामान बांधायचे. शिवाय विद्यार्थिनी म्हणून मिळालेल्या व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. नवा परवाना तिला तिथल्या तिथे मिळाला होता. एकदा घरी यायचे म्हणजे परत जाण्यासाठी मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घेणे आले, आणि रोगजंतूंवर काम करणारांची चौकशी कधी कधी आठवडेच्या आठवडे चालते. या भीतीने २०१९ नंतर ती घरी आलीच नव्हती.

मे महिन्यात उत्तर आले. मंजुरी नाही, नकारही नाही; आणखी पुरावा द्या. मुदत बारा आठवडे. काम मोलाचे आहे हे मान्य, पण त्याचे महत्त्व या राष्ट्राला काय, ते दिसत नाही.

खरे सांगायचे तर, पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या अधिकाऱ्याचे म्हणणे पटले. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात. अमेरिकेत २०२४ साली वर्षभरात दहा हजारांहून थोडे अधिक रुग्ण आढळले. मी मनीला म्हटलेही, "अगं, हे काम आपल्या राष्ट्रहिताचं आहे. त्यांना कशाला पटवतेस?"

ती चिडली. "मामा, हे काम करायला लागणारी यंत्रं, पैसा आणि माणसं मला इथं मिळाली. तिथं मिळत होती तेव्हा मी तिथं होते. आणि हवा काय पासपोर्ट दाखवून जाते?"

मग मी थोडे वाचन केले, आणि मला निराळेच वाटू लागले. ज्या स्ट्रेप्टोमायसिनने आमची आत्या वाचली, ते १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याचे गुरू सेल्मन वाक्समन हे युक्रेनमधून १९१० साली अमेरिकेस गेलेले. १९५२ चे नोबेल पारितोषिक गुरूला मिळाले आणि शिष्य मागे राहिला. ('आम्ही' आणि 'मी' यांचे भांडण तिथेही कोर्टापर्यंत गेले होते, असे दिसते.) आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये बोस्टनला उतरले. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाचे दार बंद केले, ते १९४६ च्या कायद्याने उघडले. मधली तेवीस वर्षे सुब्बारावांनी औषधे शोधण्यात घालवली. फॉलिक आम्लावरचे त्यांच्या प्रयोगशाळेतले काम रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांना पायाभूत ठरले. आणि आमच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा व्हिसा नावाची भानगडच नव्हती; त्यांना अडवायला इथलेच लोक पुरेसे होते.

मनीला यातले काहीही उपयोगी पडले नाही. वकीलीणबाईंनी सांगितले, इतिहास नको, कागद हवा. शेवटी तिला कागद सापडला तो त्याच सरकारचा. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाशी लढण्यासाठी अमेरिकेने २०१५ च्या डिसेंबरात एक राष्ट्रीय योजना जाहीर केली होती. तुम्हीच तर याला राष्ट्रीय म्हटले आहे, असे म्हणून तिने त्यातली पाने लावली. आमची सौ. वादात माझीच जुनी वाक्ये काढून दाखवते, त्यातला हा प्रकार. बिनतोड असतो.

या बारा आठवड्यांत, जूनच्या शेवटी, आत्या पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, मग न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, वय चौऱ्याऐंशी आहे, जुन्या क्षयाने एक फुप्फुस आधीच निकामी आहे.

ताईने मला जिन्यात गाठले. "मनीला सांगायचं नाही. सांगितलं तर ती सगळं टाकून येईल आणि इथंच अडकेल. उत्तर जाऊ दे, मग सांगू."

मी म्हटले, "ताई, ती विचारते रोज."

"पाय मुरगळलाय म्हण."

मी म्हटले. रोज म्हटले. चोवीस वर्षे वर्गात भाषेच्या प्रामाणिकपणावर बोलणारा मी, पंधरा दिवस फोनवर पाय मुरगळल्याचे वर्णन करीत होतो. सूज उतरतेय, तेल लावतोय. आत्याला एकदा शुद्ध होती तेव्हा तिने विचारले, "मनीचा कागद आला का?" मी म्हटले, येईल.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आत्या गेली. मनीचे उत्तर त्यानंतर पाच दिवसांनी टपालात पडले, आणि सहाव्या दिवशी मी तिला फोन केला. ताईने फोन हाती घेतला नाही. ती दाराशी उभी राहून रडत होती.

मनी काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामा, तू मला तेलसुद्धा सांगितलंस. कुठलं तेल तेसुद्धा." आणि फोन ठेवला. महिनाभर तिने माझा फोन घेतला नाही. आईचा घेत होती. बरोबर आहे, आईने नुसते लपवले होते, मी रचून सांगितले होते. आम्ही केले ते योग्य की अयोग्य, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ताई म्हणते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मी तसे म्हणू शकत नाही.

सप्टेंबरात गौरी बसल्या त्या दिवशी मंजुरी आली. मनीनेच मला फोन केला. "मामा, मी राष्ट्रहिताची झाले."

ताईने गौरीपुढे पेढे ठेवले आणि विचारले, "म्हणजे ग्रीन कार्ड कधी मिळणार?" आता तिला रांगेची गोष्ट सांगणे आले. नोकरीच्या वर्गातली कार्डे वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली साधारण सात टक्के. आइसलंड असो की हिंदुस्थान, वाटणी सारखीच! मनीचा नंबर २०२४ च्या फेब्रुवारीचा. २०२५ च्या उन्हाळ्यात तिच्या वर्गातल्या भारतीयांची रांग २०१३ च्या जानेवारीपाशी उभी होती, आणि ती वर्षाला वर्षभर पुढे सरकतेच असे नाही. ताईने बोटांवर हिशेब केला आणि बोटे संपल्यावर सोडून दिला.

एक तोड आहे, मनी म्हणाली. रांग जन्माच्या देशावर ठरते, आणि नवऱ्याच्या जन्माचा देशही चालतो. ज्या ताईने दहा वर्षे पोटजातीखेरीज स्थळ पाहिले नाही, ती गंभीरपणे म्हणाली, "नेपाळात आपल्यातले कुणी असतील का रे?"

दुसरी तोड म्हणजे वरचा वर्ग. तिथली रांग पुष्कळच आखूड. पण त्यासाठी अलौकिक कर्तृत्व सिद्ध करावे लागते. नोबेलसारखे पारितोषिक, नाही तर दहा कसोट्यांपैकी निदान तीन. त्या दहांत एक रंगभूमी-सिनेमातल्या गल्ल्याचीही आहे. ती मनीला लागू नाही. बाकीच्यांची जुळवाजुळव ती सध्या करते आहे. परवा विचारत होती, "मामा, 'अलौकिक'ला जरा सौम्य शब्द आहे का?"

डिसेंबरात ती आली. वकिलातीत पासपोर्ट अडकला तो संक्रांतीपर्यंत. त्या दिवशी सकाळी ताई तिळगूळ वळत होती आणि मी पाटावर बसून फुटाणे निवडत होतो. मनी स्वयंपाकघरात आली, फळीवरचे आत्याचे फुलपात्र काढले, विसळले, माठातले पाणी घेतले आणि उभ्याउभ्याच प्यायली. ताईने मान वर करून पाहिले आणि पुन्हा वळायला लागली.

मी म्हटले, "मने, घेऊन जातेस का ते तिकडे?"

"नको," ती म्हणाली. "इथंच राहू दे. आले की मला लागेल." आणि ते पालथे घालून पुन्हा फळीवर, बाकीच्या पेल्यांच्या ओळीत ठेवले.